आणखी काय देऊ?

सकाळी 7.30

शटर वर केल्यावर बाकीचे दुकानदार उदबत्ती लावतात. मी आधी फ्रिजचं तापमान बघून वहीत लिहिते, उदबत्ती मागून. दोन ते आठ अंशांच्या आत पाहिजे. आज चार आहे.

सिंहगड रस्त्यावरचं हे मेडिकल सासऱ्यांनी टाकलं, आता फार्मासिस्ट म्हणून माझं नाव आहे. पूर्वी या फ्रिजमध्ये इन्सुलिन, धनुर्वाताची इंजेक्शनं आणि डोळ्यांचे एकदोन थेंब एवढंच असायचं. आता वरचा सबंध खण आठवड्याला एकदा टोचायच्या इंजेक्शनांचा आहे: टिर्झेपॅटाइड, सेमाग्लुटाइड. ही नावं गिऱ्हाईक घेत नाही. "ते वजनाचं पेन आहे का?" असं विचारतं, आणि विचारताना पूर्वी लोक निरोध मागताना घ्यायचे तसा आवाज खाली घेतं.

महिन्याभराचं परदेशी कंपनीचं एक पेन हजारांच्या घरात जातं. फ्रिजमधला माल स्टॉकिस्ट परत घेत नाही, मुदत संपली की तोटा आमचा. म्हणून मी नावानिशी मागवते: अमक्यांचं एक, तमक्यांचं एक. डब्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहायचं आणि नाव भिंतीकडे करून ठेवायचं. शेजारच्या इमारतीतल्या वहिनींना दुसऱ्या वहिनींचं नाव दिसलं तर पंचाईत.

आज गुरुवार. पुण्यात गुरुवारी पाणी बंद आणि देखभालीसाठी वीज बंद, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. महावितरणचा मेसेज रात्रीच आला आहे: 10 ते 2.

8.10

कंपनीची बस पकडायच्या आधी आलेला तिशीतला मुलगा. हातपाय काटकुळे, पोट मात्र शर्टाच्या बटणांची परीक्षा घेणारं.

"मॅडम, मौंजारो. सगळ्यात छोटं."

"चिठ्ठी?"

"ती मिळेल हो ऑनलाइन. आधी आहे का ते सांगा."

मौंजारो म्हणजे टिर्झेपॅटाइडच. आहे. पण शेड्यूल एचचं औषध चिठ्ठीशिवाय देता येत नाही. शिवाय हे औषध बीएमआय तीसच्या पुढे असेल, किंवा सत्तावीसच्या पुढे असून जोडीला मधुमेह, रक्तदाब असं काही असेल, तर द्यायचं आहे. याचा पंचवीसच्या आसपास. तो म्हणाला, "पण भारतीयांना पंचवीसलाच लठ्ठ धरतात ना?" अभ्यास करून आला होता. धरतात, खरं आहे. आणि मला वाटतं, नेमकी इथेच त्याची फसगत आहे.

आपल्या पुण्यातच, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी याच प्रकारच्या शरीरावर वर्षानुवर्षं काम केलं. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. म्हणजे बीएमआयच्या मापाने दोघे सारखे, आणि आतून आपला माणूस दुपटीहून जास्त चरबीचा. तेवढ्याच बीएमआयला चरबी जास्त, म्हणजे स्नायू कमी.

इंजेक्शन भूक मारतं. शरीराने तूट कुठून भरून काढायची, यावर त्याचा ताबा नाही. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत काही जणांचे स्कॅन केले होते, त्यांत घटलेल्या वजनापैकी साधारण चाळीस टक्के चरबी नव्हतीच. तिथले लोक सरासरी शंभर किलोंच्या आसपासचे होते, त्यांना हे एक वेळ परवडलं असेल. या मुलाच्या दंडावर मुळात आहे काय?

"प्रोटीन पावडर घेईन की," तो म्हणाला. बस आली आणि तो गेला. चिठ्ठी त्याला मिळेल, पेनही मिळेल. माझ्याकडून नाही, एवढंच.

9.30

गर्दी. बीपी, शुगर, थायरॉइड, डायपर, "ऑनलाइनवर वीस टक्के देतात, तुम्ही दहाच का?" वीस टक्के हेच आमचं सगळं मार्जिन असतं. हे रोज समजावत बसले तर दुकान चालायचं नाही.

10.05

वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवे, पंखा आणि कॉम्प्युटर चालतो, फ्रिज नाही. दुकानातल्या पोराला एकच ताकीद: दार उघडायचं नाही. चार तास बंद राहिला तर फ्रिज आपला गारवा धरून ठेवतो, आणि ही पेनं काही आठवडे तीस अंशांपर्यंत बाहेरही तगतात. उन्हाळ्यापेक्षा मला अति उत्साही गिऱ्हाइकाची धास्ती जास्त. एका गृहस्थांनी पेन घरी नेऊन बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं. गोठलेलं औषध फेकूनच द्यावं लागतं. त्या महिन्याचे पैसे गेले.

11.00

दत्ताचा गुरुवार करणाऱ्या काकू. वय बासष्ट, मधुमेह जुना, दोन महिन्यांपासून सेमाग्लुटाइड. काउंटरला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जरा गरगरतंय गं. पाणी देतेस?"

हाताला दरदरून घाम. मी आधी ग्लुकोजची पुडी पाण्यात ढवळून प्यायला लावली, मग ग्लुकोमीटर काढला. अठ्ठावन्न.

सकाळी काय खाल्लं? उपास. काल रात्री? "भूकच नव्हती, दूध घेतलं." आणि गोळी? गोळी घेतली होती, ग्लिमेपिराइड, रोज घेतात तशी. ती गोळी पोटात अन्न आहे का नाही हे न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. इतकी वर्षं उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू असायचा, त्यामुळे निभावलं. आता पेनामुळे खिचडी दोन घासांच्या पुढे जात नाही. उपास खराखुरा उपास झाला आणि गोळी मात्र जुन्याच मापाची राहिली. पेन सुरू करताना ही गोळी कमी करायची असते. पेन एका डॉक्टरांनी लिहिलं, गोळी दुसऱ्यांची. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र फक्त माझ्या काउंटरवर येतात, त्याही आल्या तर.

अर्ध्या तासाने त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं, दोन्ही चिठ्ठ्या एका पिशवीत घातल्या आणि आज संध्याकाळीच डॉक्टरांकडे न्या म्हणून सांगितलं. जाता जाता काकू म्हणाल्या, "पण वजन सहा किलो उतरलं हं."

12.40

दुपारची सामसूम. वीज नसली की कॉम्प्युटरवर जुनी बिलं चाळणं हा माझा उद्योग. एखाद्याचं पेन सुरू झालं, की त्याच्या मागोमाग काय काय जातं हे बिलांत सरळ दिसतं.

पहिल्या महिन्यात ओन्डॅनसेट्रॉन, मळमळीसाठी. पॅन्टोप्राझोल, ओआरएस. दुसऱ्यात इसबगोल, मग लॅक्ट्युलोजची बाटली, कारण पोट साफ होत नाही. औषध जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं, त्यातून हे सगळं उद्भवतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बायोटिन आणि केसांचं सीरम. वजन झपाट्याने उतरलं की केस गळतात, ते औषधापेक्षा त्या वेगामुळे. जोडीला बी-बारा, डी-थ्री, प्रोटीनचा डबा. एखाद्याच्या पोटात उजवीकडे कळ येते, सोनोग्राफीत पित्ताचे खडे निघतात. ते बिल माझ्याकडे नसतं, मला कळतं ते मागच्या दाराने, शस्त्रक्रियेनंतरच्या चिठ्ठीतून. शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञाला पेनाबद्दल सांगायचं असतं, कारण आठ तास उपाशी राहिलेल्या माणसाच्या पोटातही अन्न राहिलेलं असू शकतं आणि भुलेखाली ते फुप्फुसात उतरू शकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये त्याबद्दल सूचना काढली. पण ज्याने पेन बायकोपासूनसुद्धा लपवलंय, तो भूलतज्ज्ञाला काय सांगणार?

यातल्या प्रत्येक बाटलीवर मला चार पैसे सुटतात. वाईट वाटल्याचं नाटक मी करणार नाही, दुकान त्यावरच चालतं. "आणखी काय देऊ?" हा प्रश्न मी दिवसभर विचारते आणि पेनवाल्यांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा येतं.

जे विकलं जात नाही तेही ऐकू येतं. एका बाईंचा फोन: "हे अर्धी पोळी खाऊन उठतात. मी कोणासाठी करायचं?" तीस वर्षं नवऱ्याच्या चवीने भाजी केलेली. त्याला आता ताट समोर आलं तरी नकोसं होतं. डॉक्टर खूश, तोही खूश. बाई एकटीच जेवते आणि उरलेलं सकाळी कामवालीला देते. यावर मी काय गोळी देणार?

2.20

वीज आली. फ्रिजमध्ये सात अंश. बरं झालं.

मागोमाग औषध कंपनीचा प्रतिनिधी, एमआर. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च 2026ची. देशी कंपन्यांची ही मुलं त्याच्या कितीतरी आधीपासून खेपा घालत होती. आता पेनं स्वस्त झाली, बॅगेत नवनवी नावं आली. स्वस्त झालं हे चांगलंच, त्यात मला शंका नाही. मी त्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "बंद कधी करायचं?"

"मॅडम, लठ्ठपणा हा क्रॉनिक आजार आहे. थेरपीपण क्रॉनिक."

चुकीचं नाही बोलला. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत अडुसष्ट आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं. औषध थांबवून एक वर्ष नुसतं पाहिलं, तर उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. कंपनीला हे माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे. बीपीची गोळी जन्मभर घ्यायची, हे तर आमच्या गल्लीतल्या आजीलाही ठाऊक असतं. पण या काउंटरवर पेन घ्यायला येणाऱ्यांतला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो: "कोर्स किती महिन्यांचा?" माणूस कोर्सचं बजेट धरून येतो. परदेशी पेनाचे महिन्याला चौदा हजार धरले तर वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार, विम्यात साधारणपणे न बसणारे. सहा महिने क्रेडिट कार्डावर ओढतो आणि मग थांबतो. डोस उतरवत नाही, विचारत नाही, नुसता यायचा बंद होतो. माझ्या दृष्टीने या औषधाची सगळ्यात मोठी किंमत उलटी-मळमळ ही नव्हे. ती त्या 'कोर्स' शब्दात आहे, आणि तो शब्द कुणीच वेळेवर खोडत नाही.

एमआर नमुन्याचं पेन ठेवून गेला. औषध नसलेलं, टोचायचं कसं ते दाखवायला.

4.45

निवृत्त बँकवाले काका आणि काकू. काकूंना मधुमेह, काकांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. ज्यांच्यासाठी या जातीची औषधं खरोखर आहेत, असे हे दोघे. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या वजनदार लोकांत सेमाग्लुटाइडने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी कमी झाले, हे 2023च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. काकांना हे डॉक्टरांनी समजावलेलं. चिठ्ठीही व्यवस्थित, दोघांच्या दोन, टिर्झेपॅटाइड अडीच मिलिग्रॅम.

"पाचची बाटली एकच द्या," काका म्हणाले. "आणि इन्सुलिनच्या सिरिंजा दोन."

मला उमगायला क्षणभर लागला. हे औषध मार्च 2025 मध्ये भारतात बाटलीतून आलं, तेव्हा अडीचच्या बाटलीला 3,500 रुपये आणि पाचच्या बाटलीला 4,375 होते. औषध दुप्पट, किंमत सव्वापट. बँकेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटणार थोडंच? पाचची एक बाटली, निम्मी यांना, निम्मी त्यांना. त्या भावाने आठवड्याला सात हजारांऐवजी चार हजार तीनशे पंचाहत्तर.

"काका, ही बाटली एका वेळेची असते. जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते रसायन यात नाही. आणि अर्धा मिली डोळ्यांनी निम्मा करताना कमीजास्त झालं तर?"

"एकाच बैठकीत घेऊ. दोन वेगळ्या सुया."

"सुया वेगळ्या, बाटली एकच. आणि हात थरथरतो तुमचा."

काकू तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हिचं ऐका. यांचं सुरू करू या, माझं राहू दे." काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण हिशोब पुन्हा मांडला नाही. मी अडीचची एक बाटली दिली आणि डॉक्टरांना फोन लावून विचारलं, काकूंना स्वस्त देशी सेमाग्लुटाइड चालेल का. उद्या सांगतो म्हणाले. काकूंनी उद्याची वाट बघायची.

6.15

मुलगी आणि तिची आई. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. चिठ्ठी एका सौंदर्यक्लिनिकची, त्यावर टिर्झेपॅटाइड, फेशियलचं पॅकेज आणि फोनसाठी क्यूआर कोड. मुलगी चारचौघींसारखी, कुणी जाड म्हणणार नाही. आईच बोलत होती: शालूवरचं ब्लाउज, फोटोग्राफर, तिकडची माणसं.

आईंना मी बीपी मोजायला खुर्चीवर बसवलं, पोराला पट्टा बांधायला सांगितलं आणि मुलीला या टोकाला बोलावलं. "गर्भनिरोधक गोळ्या घेतेस का?" ती दचकली. मग मान हलवली. पाळीच्या त्रासासाठी म्हणून चालू आहेत, पण लग्नानंतरही त्याच ठेवायचा विचार आहे. मी सांगितलं की या इंजेक्शनाने त्या गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर आणखी चार आठवडे दुसरं साधन वापरायचं. आणि मूल हवं असेल तेव्हा हे आधीपासून बंद करायचं.

"हे त्यांनी काहीच सांगितलं नाही," ती म्हणाली.

"काय झालं गं?" आईंचा आवाज. बीपी एकशे पन्नास नव्वद.

"काही नाही. ती म्हणतेय आधी फॅमिली डॉक्टरांना विचारू," मी म्हटलं. मुलीने लगेच री ओढली. आईंना मात्र मी बीपीसाठी डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

7.30

जिमची पोरं. ही पावडर चांगली का ती, चरबी जाळायची गोळी आहे का. कुणाच्या तरी ओळखीतून आलेलं 'हर्बल' कॉफीचं पाकीट घेऊन "यात काय आहे बघता का?" म्हणून येतात. पाकिटावर अमृतापासून गुळवेलीपर्यंत सगळं. आत काय ते देव जाणे. सिब्युट्रामाइन 2011 साली भारतात बंद झालं, हृदयाला धोका म्हणून. त्यानंतरही जगभरच्या 'नैसर्गिक' पाकिटांत ते सापडत राहिलं. त्याच्या आधी अमेरिकेत फेनफ्लुरामीन होतं, 1997 मध्ये हृदयाच्या झडपा बिघडल्यावर मागे घेतलं. आपल्याकडे लठ्ठपणा बरा करतं अशी औषधाची जाहिरात करायला 1954च्या कायद्याने बंदी आहे. मी कॉफी परत केली. हल्लीची इंजेक्शनं या यादीत टाकावीत असं मला वाटत नाही. त्यांच्यामागे निदान खरी चाचणी आहे, आणि धोके लेबलावर छापलेले आहेत. कोणी लेबल वाचत नाही हा वेगळा भाग.

8.25

शाळेतल्या बाई. यांच्याबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. एकशे सहा किलोंवरून आता अठ्ठ्याऐंशी. झोपेत श्वास अडकायचा, त्यासाठी रात्री मशीन लावून झोपायच्या, ते आता बंद झालं. इन्सुलिनची मात्रा निम्म्यावर. आठवड्यातून तीनदा वजनं उचलतात, डाळ-अंडी मोजून खातात, दर तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे जातात. "आयुष्यात पहिल्यांदा डोक्यातली खाण्याची कटकट थांबली," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. ज्याला ती कटकट कधी झालीच नाही, त्याला त्यातली सुटका कळायची नाही.

पेन घेतलं, पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं, वर फळं.

"स्टाफरूममध्ये काय सांगता?"

"दीक्षित डाएट," बाई हसल्या. "दोन वेळा, पंचावन्न मिनिटं. सगळ्या शिक्षिका करायला लागल्यात. एकीचंही उतरेना, तर मलाच विचारतात, नेमकं चुकतंय काय."

9.40

शटर अर्धं खाली घेतलेलं, तेवढ्यात वाकून एक जण आत आला. ओळखायला वेळ लागला, कारण मागच्या दिवाळीत तो यापेक्षा निम्मा दिसत होता. अठरा किलो उतरवले होते. जुने कपडे वाटून टाकले, नवे शिवले. मग नोकरी बदलली, घराचा हप्ता वाढला, पेन थांबलं.

"आता परत सुरू करतो. मागच्या वेळी शेवटचा होता तोच डोस द्या."

चिठ्ठी मागच्या वर्षीची. शिवाय इतक्या खंडानंतर वरच्या डोसवर उडी मारता येत नाही, उलट्यांनी आडवा होईल. खालून चढावं लागतं.

"म्हणजे पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. आणि नवीन चिठ्ठी."

त्याने मोबाइलवर काहीतरी हिशोब केला, मग मोबाइल खिशात टाकला.

"बरं मग, आज नुसत्या बीपीच्या गोळ्या द्या. टेल्मिसार्टन."

मी नेहमीच्या खणाकडे हात नेला. "वीसच्या ना?"

"चाळीसच्या. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी परत वाढवल्या."